मतदार यादी कोणाच्या कपाटात?

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. तुझ्या पक्षघटनेचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. कलम ७ मध्ये तू एका ओळीत लिहिलं आहेस, "अध्यक्षाची निवड पक्षाचे सर्व सभासद गुप्त मतदानाने करतील." आणि समासात मला विचारलं आहेस, "एवढं पुरे ना?"

पुरे नाही. ओळीत खोट नाही, पण तिच्यातल्या 'सभासद' या शब्दात सगळी मेख आहे. सभासद कोण, तो कधीपासून सभासद, त्याची फी कोणी भरली आणि त्याचं नाव असलेली यादी कोणाच्या कपाटात आहे, हे लिहिल्याशिवाय कलम ७ म्हणजे नुसती सदिच्छा.

आधी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजून लाज वाटते. तुझ्याएवढा होतो तेव्हा एका पक्षांतर्गत निवडणुकीत आमच्या गटाचं काम करत होतो. नोंदणीच्या शेवटच्या रात्री चौघेजण पावती पुस्तकं घेऊन बसलो. समोर सार्वत्रिक निवडणुकीची जुनी मतदार यादी. तिच्यातून नावं उचलायची, अर्ज भरायचा, पावती फाडायची. फी उमेदवाराच्या खिशातून. अक्षर एकसारखं दिसू नये म्हणून दर दहा अर्जांनी पेन बदलायचं, आणि मधूनच एखादी सही डाव्या हाताने ठोकायची. मी एकट्याने १४० अर्ज भरले. छाननीला आलेल्या वयस्कर निरीक्षकाने माझा गठ्ठा हातात घेतला, अंगठ्याने पत्त्यांसारखा फर्रकन चाळला आणि विचारलं, "यातले हयात किती?" मी हसलो, तो हसला नाही. पण गठ्ठा पास केला. आमचा माणूस आरामात निवडून आला. तिथला प्रत्येक सभासद मतदार होताच, तुझ्या कलम ७ ला हरकत घ्यायला काही जागाच नव्हती.

म्हणून 'मत कोणाला' या प्रश्नाच्या पोटातला पहिला प्रश्न तारखेचा आहे. निवडणूक जाहीर झाल्यावर आलेल्या माणसाला मत द्यायचं की नाही?

ब्रिटनच्या लेबर पक्षाने २०१५ मध्ये दार सताड उघडलं. ३ पाउंड भरा, पक्षाच्या तत्त्वांना पाठिंबा आहे असं सांगा आणि नेता निवडा. असे एक लाखाहून जास्त 'नोंदणीकृत समर्थक' मतदानाला आले आणि त्यातल्या ८४ टक्क्यांच्या आसपास लोकांनी जेरेमी कॉर्बिन यांना मत दिलं. आपल्यात ही गोष्ट अर्धवट सांगितली जाते, की बाहेरच्यांनी पक्ष पळवला. तसं नाही. पूर्ण सभासदांमध्येही कॉर्बिन जवळजवळ निम्मी मतं घेऊन पहिलेच होते. बाहेरून आलेल्या लोटामुळे विजय मोठा झाला आणि शंकेला जागा मिळाली, इतकंच. पण पुढच्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली तेव्हा तीच फी २५ पाउंड झाली, नोंदणीला दोनच दिवस मिळाले आणि जानेवारीनंतर सभासद झालेल्यांना मतच नाकारलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. कॉर्बिन तरीही जिंकले, आधीपेक्षा जास्त टक्क्यांनी! शेवटी २०२१ मध्ये पक्षाने समर्थकांचा तो वर्गच रद्द केला. तारीख आणि फी आधीच घटनेत गोठवलेली नसली की ती ऐनवेळी कोणाच्या तरी सोयीने हलते. आणि ती हलली, की हरलेल्याला निकाल न मानायला कारण मिळतं.

फ्रान्समध्ये समाजवादी पक्षाने २०११ साली याहून मोकळं दार ठेवलं होतं. एक युरो आणि डाव्या मूल्यांच्या जाहीरनाम्यावर सही, बस्स. लाखो लोक आले, वातावरण तापलं, पुढच्या वर्षी त्यांचा उमेदवार राष्ट्राध्यक्षही झाला. २०१७ मध्ये तशाच खुल्या निवडीतून आलेल्या बनुआ आमों यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत साडेसहा टक्केसुद्धा मतं पडली नाहीत, आणि त्यांच्याशी हरलेल्या मान्युएल व्हाल्स यांनी आधी दिलेला शब्द बाजूला ठेवून प्रतिस्पर्धी मॅक्रॉन यांना पाठिंबा दिला. एका रविवारी येऊन मत देणारा सोमवारी पक्षाचं काहीच देणं लागत नाही. मी पूर्वी या खुल्या पद्धतीचा मोठा वकील होतो, भाषणंही ठोकली आहेत. आता नाही.

मात्र इथे थांबलास तर मसुदा अर्धाच राहील. मला सगळ्यात जास्त खटकलं ते कलम ७ आणि कलम १२ यांचं एकमेकांशी न बोलणं. कलम १२ म्हणतं, अध्यक्षावर अविश्वास आला तर त्याचा निर्णय लोकप्रतिनिधी आणि कार्यकारिणी घेतील. म्हणजे बसवणार एक आणि उठवणार दुसरे. ही फट दिसायला बारीक आहे, पण भलेभले पक्ष तिच्यात पडलेत.

१९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण कर. अध्यक्षपदासाठी सुभाषबाबू आणि गांधीजींच्या पसंतीचे पट्टाभी सीतारामय्या यांच्यात लढत झाली, प्रतिनिधींनी मतं दिली, सुभाषबाबूंना १५८०, पट्टाभींना १३७७. निकाल स्वच्छ होता. पण कार्यकारिणीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले, नवी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव अधिवेशनात मंजूर झाला आणि एप्रिलअखेर निवडून आलेला अध्यक्ष पायउतार झाला. कोण बरोबर, कोण चूक, यावर आजही तासन्‌तास भांडता येईल. मी फक्त यंत्राकडे बघतोय. मतपेटी एका हाताला होती आणि अध्यक्षाला काम करू द्यायचं की नाही याची किल्ली दुसऱ्या.

ब्रिटनच्या हुजूर पक्षात तर ही फट नियमातच लिहिलेली आहे. खासदारांनी चाळत चाळत दोन उमेदवार उरवायचे आणि त्यातला एक सभासदांनी निवडायचा, हा १९९८ चा नियम. २००१ मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क यांना ५९, इयन डंकन स्मिथ यांना ५४ आणि मायकेल पोर्टिलो यांना ५३ मतं पडली. एका मताने पोर्टिलो बाहेर! सभासदांनी मग डंकन स्मिथ यांना भरघोस निवडून दिलं. १६६ खासदारांपैकी ज्याला ५४ जणांनीच पसंत केलं, तो त्या १६६ जणांचा नेता. दोन वर्षांनी खासदारांनीच ९० विरुद्ध ७५ मतांनी त्यांना काढलं. २०२२ मध्ये हीच गत झाली, फक्त यावेळी पक्ष सत्तेत होता. खासदारांत ऋषी सुनक १३७, लिझ ट्रस ११३. सभासदांत ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. पंतप्रधान झालेल्या ट्रस यांचा दीड महिन्यात राजीनामा. आणि त्यानंतर लगेच काय केलं बघ: उमेदवारीला १०० खासदारांचा पाठिंबा हवा, अशी अट घातली. सुनक एकटेच उरले आणि सभासदांना मतपत्रिका मिळालीच नाही. ज्या हक्काचा जुलै-ऑगस्टमध्ये एवढा गाजावाजा, तो ऑक्टोबरमध्ये वापरायची वेळच आली नाही म्हणा ना.

यावर तुझा एक मित्र नक्की म्हणेल, मग दोघांचं वजन मिसळा, निम्मं निम्मं करा. ऑस्ट्रेलियाच्या लेबर पक्षाने २०१३ मध्ये केलं तसं. त्या पहिल्याच लढतीत सभासदांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोकांना अल्बनीझ हवे होते, संसदीय गटातल्या ८६ पैकी ५५ जणांना शॉर्टन. बेरीज केल्यावर शॉर्टन ५२ टक्क्यांनी आले. आयर्लंडच्या फिने गेल पक्षात २०१७ मध्ये सभासदांनी ६५ टक्के मतं कोव्हनी यांना दिली. पण खासदारांच्या मतांचं वजन ६५ टक्के आणि सभासदांचं २५, त्यामुळे वराडकर झाले पंतप्रधान. दोन्हीकडे पक्ष फुटला नाही, हे खरं. का फुटला नाही? मला वाटतं, ज्यांच्यासोबत रोज सभागृहात बसायचं ते लोक नेत्याच्या बाजूने होते म्हणून. उलट झालं असतं, म्हणजे सभासदांच्या जोरावर खासदारांचा नावडता आला असता, तर ही बेरीज कितपत टिकली असती याची मला शंका आहे. शिवाय टक्केवारीचं वजन सामान्य सभासदाला समजावून सांगताना घाम फुटतो. 'माझ्या मताची किंमत किती' याचं उत्तर त्याला एका वाक्यात मिळालं पाहिजे.

प्रतिनिधी पद्धतीबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदासाठी नऊ हजारांवर प्रतिनिधींनी मतदान केलं, खर्गे ७८९७, थरूर १०७२. निकालापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती त्याआधीची एक मागणी: मतदार यादी खुली करा, असं पक्षाच्याच पाच खासदारांनी पत्र लिहून मागितलं होतं. प्रतिनिधी पद्धतीत वाईट काही नाही, पण प्रतिनिधी खालून निवडून आला पाहिजे. वरून नेमलेला प्रतिनिधी नेमणाऱ्यालाच मत देतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आता माझं म्हणणं. पटलं तर घे, नाही तर भांडायला ये.

मत सभासदाचंच. एक सभासद, एक मत, वजनबिजन काही नाही. पण सभासदत्वाला निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशी सहा महिने पुरे झालेले हवेत, आणि हे सहा महिने कार्यकारिणीला कमी-जास्त करता येणार नाहीत असं स्पष्ट लिही. फी ज्याची त्याने भरायची, कोणीही दुसऱ्याच्या नावाने गठ्ठ्याने भरायची नाही. फी किरकोळ ठेव. पैशाने अडवायचं नाही, काळाने अडवायचं. तात्पुरता उत्साह सहा महिने थांबत नाही, आणि १४० खोटे अर्ज भरणाराही एवढ्या आधी कामाला लागत नाही. निदान आम्ही तरी लागलो नसतो.

लोकप्रतिनिधींचं काम मत मोजून घेण्याच्या आधी. उमेदवारी अर्जावर त्यांच्यातल्या किमान पाचव्या हिश्श्याच्या सह्या हव्यात, आणि सही म्हणजे 'हा निवडून आला तर मी याच्या हाताखाली काम करीन' असं समजूनच ती द्यायची. २०१५ मध्ये लेबरच्या काही खासदारांनी 'चर्चेत सगळे प्रवाह असावेत' म्हणून कॉर्बिन यांना सह्या उसन्या दिल्या. वर्षभरात त्यांच्याविरुद्ध १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास ठराव झाला, आणि सभासदांचं मत वेगळं असल्यामुळे त्याचा काही उपयोगही झाला नाही. सही उसनी द्यायची गोष्ट नाही. तुमच्या पक्षाचे प्रतिनिधी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत हे मला ठाऊक आहे. तर तूर्त स्थानिक शाखांच्या ठरावांना तोच मान दे.

कलम १२ बदल. प्रतिनिधी अविश्वास आणू शकतील, पण तो मंजूर झाल्यावर ठरावीक दिवसांत सभासदांचं मतदान, आणि त्यात त्या नेत्याला पुन्हा उभं राहायचं असेल तर त्यालाही सह्या गोळा कराव्या लागतील. तिथे सह्या मिळाल्या नाहीत तर विषय संपला.

याला अपवाद एकच, आणि त्यावरून तुमच्या समितीत खडाजंगी होईल. पक्ष सत्तेत असताना सरकारचा प्रमुख मध्येच बदलायचा असेल तर निर्णय फक्त लोकप्रतिनिधींनी घ्यावा. त्यांना निदान सगळ्या मतदारांनी निवडून दिलंय. पक्षाच्या लाख-दीड लाख सभासदांनी कोट्यवधी लोकांचा पंतप्रधान निवडावा हे माझ्या पचनी पडत नाही. सभासदांचा हक्क काढून घेतला असं म्हणतील, म्हणू देत. सार्वत्रिक निवडणुकीनंतर सभासदांना पुन्हा विचारायची तरतूद ठेव.

वय आणि नागरिकत्व यावर फार शक्ती घालवू नका. कॅनडाच्या लिबरल पक्षात चौदाव्या वर्षी नेत्यासाठी मत देता येतं. आभाळ कोसळलेलं नाही. परकीय हस्तक्षेपाच्या चर्चेनंतर २०२५ च्या आरंभी त्यांनी जे नागरिकही नाहीत आणि ज्यांना कायम वास्तव्याचा हक्कही नाही अशांना वगळलं, तेही रास्त. तुम्ही सोळा ठेवा नाहीतर अठरा.

राहिली यादी. ती अध्यक्षाच्या किंवा सरचिटणीसाच्या ताब्यात नको. पदावर नसलेल्या, निवडणूक न लढवणाऱ्या तिघांकडे दे, प्रत्येक शाखेत तिथल्यापुरती नावं वाचायला ठेव आणि हरकतींना पंधरा दिवस दे. माझ्या त्या गठ्ठ्यातली नावं भिंतीवर लागली असती तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन म्हणालं असतं, अहो, हे तर आमचे आजोबा, त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

आणि जाता जाता, कलम ९ (ड) तू कुठल्या तरी जुन्या घटनेतून उचललेलं दिसतंय: "आवश्यक वाटल्यास सभा निवडीचे सर्व अधिकार एकमताने अध्यक्षांना देऊ शकेल." त्यावर मी पेन्सिलने नाही, पेनाने काट मारली आहे. ती ओळ राहिली तर बाकीचा मसुदा वाचायचे कष्ट कोणी घेणार नाही.

दुसरा खर्डा झाला की पाठव. कलम १२ वर समितीत कोण काय बोललं तेही कळव, मला उत्सुकता आहे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
जुना पावती-पुस्तकवाला