चित्रकार आहे, पुण्यात परत आलोय. सोसायटीतल्या धान्य गटात जावं का? वेळ किती जातो, स्वस्त पडतं का?

जा, नक्की जा. पहिल्याच दिवशी ते तुम्हाला भावफलक लिहायला सांगतील. तो घेऊ नका. काटा मागा.

मीही चित्रकार. बडोद्याला १४ वर्षं काढली आणि आईच्या आजारपणात सदाशिव पेठेत परत आले. आमचा गट ४० घरांचा. तांदूळ मावळातून थेट शेतकऱ्याकडून येतो, डाळी-शेंगदाणे मार्केट यार्डातून. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून वाटप. मी गेले तेव्हा, "तुम्ही आर्टिस्ट ना, मग बोर्ड तुमच्याकडे." चार महिने मी नुसता बोर्ड लिहिला. पाचव्या महिन्यात काट्यावर बसणाऱ्या ताई गावाला गेल्या, म्हणून मी बसले.

जानेवारी होता, नवा इंद्रायणी आलेला. ५० किलोची सहा पोती. पोत्याच्या तोंडाची शिवण असते ना, तिचा नेमका दोरा धरून ओढला की ती सरसर उसवत जाते, चुकीचा धरला की गाठ बसते. तिसऱ्या पोत्यापर्यंत मला ते जमायला लागलं. ५ किलोच्या ६० पिशव्या भरायच्या होत्या. साठावीला तांदूळ उरला पावणेचार किलो. सव्वा किलो गेला कुठे?

खजिनदार काका सगळ्यांसमोर म्हणाले, "हिशोबाच्या कामाला कलाकार बसवला की असंच होणार."

मी काही बोलले नाही. न्यायच्या राहिलेल्या २१ पिशव्या एकेक करून परत काट्यावर ठेवल्या. एकही बरोबर पाच किलो भरली नाही. ५ किलो १५ ग्रॅम, ५ किलो २५, एक तर ५ किलो ३०. कुणाला कमी जाऊ नये म्हणून शेवटी चिमूटभर जास्त टाकायची आपली रीतच आहे, मीही टाकत होते. पिशवीमागे २० ग्रॅम धरले तरी भरलेल्या ५९ पिशव्यांचे ११८० ग्रॅम होतात. चोरी नाही, चूक नाही, झुकतं माप.

मग आजवर ही घट दिसली कशी नाही? ताई गावाहून आल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, शेवटची पिशवी माझी असते." कितीतरी महिने त्या पूर्ण पैसे भरून अपुरा तांदूळ घरी नेत होत्या आणि हिशोब चोख म्हणून कौतुक मात्र काकांचं होत होतं. याचा मला आजही राग येतो. आता आम्ही अर्धा टक्का घट धरूनच भाव लावतो. काकांनी ते वाक्य अजून मागे घेतलेलं नाही. ते हे वाचत असतील तर सांगते: रंगात अळशीचं तेल जरा जास्त पडलं की थर किती दिवस ओला राहतो, हे ज्याच्या हाताला ठाऊक असतं, त्याला वजनमाप शिकवायची गरज नसते. आणि ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहकांच्या हक्कांसाठी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, तिथे माप नेमकं हवं हा हट्ट एका चित्रकार बाईने धरावा लागतो, हे बरं नाही.

तुमचं विचारलेलं राहिलंच. रविवारची सकाळ जाते, शिवाय मागणी गोळा करण्यात एखादी संध्याकाळ. गव्हात फारसं वाचत नाही, डाळीत आणि शेंगदाण्यात वाचतं.

हे सगळं ओळखीच्या, छोट्या गटाचं झालं. आमचा गट नोंदणीकृत नाही. पैसे मोठे फिरायला लागले तर रीतसर सहकारी संस्था करा. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान १० माणसं लागतात. वही दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल तर त्या गटात मात्र जाऊ नका. कंबरेचा त्रास असेल तर पोत्याला एकट्याने हात लावू नका. आणि नवा इंद्रायणी मिळाला तर पाणी बेताने घाला, नाहीतर भाताचा गोळा होतो.