मुलगा मोडका रोबो जोडतो आणि नंतर अदृश्य होतो, असा जुना कृष्णधवल इंग्रजी चित्रपट कोणता?

तुम्ही शोधताय तो ‘द इन्व्हिजिबल बॉय’, १९५७ चा, एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा. दिग्दर्शक हर्मन हॉफमन. दहा वर्षांचा टिमी (रिचर्ड आयर) सुटे पडलेले भाग जोडून रॉबी या रोबोला उभा करतो आणि त्याच रॉबीच्या मदतीने अदृश्य होतो. गंमत म्हणजे घरच्यांना त्याचं फारसं नवल वाटत नाही!

रॉबी आधीच्याच वर्षी ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटात झळकला होता. तो रंगीत, हा कृष्णधवल. म्हणून तुमची आठवण बरोबर जुळते.

पहिला अर्धा भाग हलकाफुलका आहे, पण खरा खलनायक म्हणजे टिमीच्या शास्त्रज्ञ वडिलांचा महासंगणक. तो माणसांच्या मेंदूवर ताबा मिळवतो, रॉबीलाही कह्यात घेतो. शेवटी टिमीला इजा करायचा हुकूम सुटतो आणि रॉबी तो पाळत नाही. माझ्या मते सगळा चित्रपट या एका प्रसंगासाठी पाहावा. लहानपणी पाहिला असेल तर तेवढाच लक्षात राहतो. १९५७ साली, खोलीभर पसरलेल्या संगणकांच्या काळात, यंत्र मालकावर उलटेल ही भीती मुलांच्या गोष्टीत आणणं मला फार धाडसाचं वाटतं.

आता पाहणार असाल तर ‘फॉरबिडन प्लॅनेट’ आधी पाहा.