आपल्याच शहरात गाइड घेऊन फिरण्यात काही अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे, की ज्या शहरात लहानाचे मोठे झालो तिथेच गाइडला पैसे देऊन फिरायचं म्हणजे पैसे पाण्यात घालणं नाही का? सगळं तर पाठच आहे.

माझं उत्तर, जरूर जा. फक्त बसमधून शहर दाखवणारी सहल घेऊ नका, पायी फिरवणारी घ्या. बस मोठ्या रस्त्यांवरून जाते आणि ते रस्ते तुम्ही रोजच बघता. मी स्वतः अशा पायी फेऱ्यांना आवडीने जाते आणि जिथे राहते तिथल्या फेऱ्यांना तर जास्तच.

‘सगळं पाठ आहे’ हे मला पटत नाही. पाठ असतो तो घर, काम, बाजार आणि दोन-चार नातेवाईक यांना जोडणारा रस्ता. आणि त्या रस्त्यावरचंही आपण नीट पाहिलेलं नसतं. यात आपला आळस नाही, लक्षाचं कामच तसं चालतं. १९७९ मध्ये निकरसन आणि अॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत लोकांना रोज हाताळलं जाणारं एका सेंटचं नाणं आठवून काढायला सांगितलं. चेहरा कुठल्या बाजूला बघतो, अक्षरं कुठे आहेत, हे बहुतेकांना धड सांगता आलं नाही. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ज्या इमारतीत लोक काम करत होते तिथेच त्यांना विचारलं की सगळ्यांत जवळचं आग विझवायचं नळकांडं कुठे आहे. जेमतेम पाव लोकांना सांगता आलं. शोधा म्हटल्यावर मात्र ते चटकन सापडलं. वस्तू डोळ्यांसमोरच होती, पण तिच्याकडे बघायचं कारण कधी पडलं नव्हतं.

गाइड ते कारण पुरवतो. माहिती काय, पुस्तकातही मिळते, फोनवरही मिळते. पण जिथून आपण आयुष्यभर नुसते पुढे जातो, तिथे कुणीतरी हात वर करून ‘जरा थांबा’ म्हणतं आणि पाच मिनिटं एकाच गोष्टीकडे बघायला लावतं, हे एकट्याने फिरताना घडत नाही.

एका फेरीत आमची गाइड साध्या विटांच्या भिंतीपाशी थांबली. ना पाटी, ना कुणाचं नाव. तिने बोटाने एक उभी रेघ दाखवली, जमिनीपासून पार वरपर्यंत गेलेली. वीटकामात वरच्या थरातला उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ द्यायचा नसतो. सांधेमोड केल्याशिवाय भिंत एकसंध होत नाही. इथे मात्र सगळे सांधे एकाखाली एक आले होते. म्हणजे इमारत कधीतरी तिथे संपत होती आणि पुढचा भाग मागाहून जोडला गेला. डावीकडच्या विटांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, उजवीकडच्या अजून धारदार होत्या. हात फिरवला तर फरक बोटांना कळत होता. त्या भिंतीला लागून मी वर्षानुवर्षं जात-येत होते. तेव्हापासून कुठलीही जुनी भिंत दिसली की मी आधी सांधे बघते.

दुसरी सवय लागली ती मान वर करून बघायची. व्यापारी रस्त्यावर तळमजला सारखा बदलत राहतो. दुकान बदललं की दर्शनी भाग पाडतात, काच लावतात, नवी पाटी येते. वरच्या मजल्यांवर तेवढा खर्च सहसा कुणी करत नाही, म्हणून बांधकामाचं वर्ष, मूळ खिडक्या, कोरीव कठडे बहुतेक वेळा तिथेच टिकून असतात.

रस्त्यांची वळणंही अशीच बोलकी असतात. विनाकारण वाकणारा रस्ता बऱ्याचदा बुजवलेल्या ओढ्यावरून किंवा पाडलेल्या तटाच्या जागेवरून गेलेला असतो. व्हिएन्नाचं उदाहरण ठळक आहे. तिथला तट पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ मध्ये काढला आणि त्या जागी केलेला रुंद रस्ता १८६५ मध्ये खुला झाला. जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या त्या रस्त्यामुळे तट कुठून जात होता ते आजही नकाशावर कळतं. तुमच्या शहरात असं वळण असेल तर गाइडला हटकून विचारा.

आता तुमची दुसरी शंका, की गाइड काहीबाही सांगतात. काही सांगतात, हे खरं. भुयार, पुरलेला खजिना, राणीचा शाप, या गोष्टी लोकांना आवडतात म्हणून टिकतात. इथेच तुम्ही बाहेरून आलेल्यापेक्षा वरचढ आहात, कारण तुमच्याकडे घरातून ऐकलेल्या गोष्टींचा साठा आहे. तरी सगळ्यांसमोर मध्येच खोडून काढू नका. ती व्यक्ती पोटासाठी हे काम करते आहे. फेरी संपल्यावर शांतपणे विचारा, ‘हे कशावरून म्हणता?’ चांगला गाइड लगेच सांगतो, की अमुक गोष्ट नोंदींत आहे, तमुक नुसती ऐकीव आहे. असा माणूस भेटला तर त्याच्या पुढच्या फेरीलाही जा. तुम्ही ऐकलेली गोष्टही त्याला सांगा. त्याला तिचं मोल असतं.

गटात बाहेरगावचे लोक असले तर उत्तमच. ते विचारतात, ‘ही दारं एवढी बुटकी का?’ ‘चौक गावाच्या मधोमध का नाही?’ आपल्याला हे प्रश्न सुचत नाहीत, कारण आपण ते तसंच असतं असं धरून चाललेलो असतो.

फेरी निवडताना ‘सगळं शहर तीन तासांत’ असलं काही घेऊ नका. पाणीपुरवठा, गिरण्या, छापखाने, दफनभूमी, एखादीच पेठ, असा एक विषय धरलेली फेरी स्थानिक माणसाला जास्त देते. पैशांचा प्रश्न असेल तर तारखांवर लक्ष ठेवा. २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय पर्यटक मार्गदर्शक दिन. १९९० पासून तो पाळतात आणि अनेक ठिकाणी त्या निमित्ताने गाइड स्थानिकांना मोफत फिरवतात. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनालाही असे कार्यक्रम होतात. नगररचनेवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये टोरोंटोत सुरू झालेल्या फेऱ्या आता अनेक देशांत मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी निघतात. त्या मोफत असतात आणि तिथे रहिवासीच आपला भाग दाखवतात. लंडनमध्ये १९९२ पासून वर्षातून एकदा एरवी बंद असलेल्या इमारती लोकांना आतून बघायला मिळतात. अशी प्रथा आता इतर बऱ्याच शहरांत आहे. तुमच्या शहरात असेल तर ती आधी गाठा, कारण आतला जिना आणि मागचं अंगण एरवी ओळखीनेही बघायला मिळत नाही.

आणि जमलं तर घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला बरोबर न्या. गाइड इमारतीचं वर्ष सांगेल, पण तिथे पूर्वी रांग कशासाठी लागायची आणि कुठल्या खिडकीतून कोण हाक मारायचं, हे तुमच्या आजीलाच ठाऊक असतं. ती सांगायला लागली की गाइडही वही काढतो, हे मी पाहिलं आहे.