वाचक विचारतात : कागद वाचला, मग तोटा कशाचा?

प्रश्न : संकेतस्थळावर बातमी द्यायला कागद, शाई किंवा पहाटे गठ्ठे पोहोचवणारी गाडी लागत नाही. तरीही वृत्तपत्रे तोट्याचे रडगाणे गातात आणि वर वाचकांकडून वर्गणी मागतात. असे का?

उत्तर : आपण असे गृहीत धरले आहे की छापील अंकाची किंमत देऊन वाचक बातमीचा खर्च भागवत होता. बहुतेक ठिकाणी तसे नव्हते. अंकाच्या किमतीतून छपाई आणि वितरण जेमतेम निघे, बातमीदारांचे पगार मुख्यतः जाहिरातींतून होत. त्यातही आतल्या पानांवरच्या बारीक टाइपातल्या छोट्या जाहिरातींचा, म्हणजे नोकरी, भाड्याचे घर, जुनी गाडी यांच्या तीन-तीन ओळींचा, वाटा मोठा होता. त्या ओळींचा अग्रलेखाशी काडीचाही संबंध नव्हता. दोन्ही एकाच कागदावर छापले जात, एवढेच त्यांचे नाते. ते नाते इंटरनेटने तोडले. १९९५ साली क्रेग न्यूमार्क यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील परिचितांना स्थानिक कार्यक्रमांची माहिती ईमेलने पाठवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘क्रेगलिस्ट’ हे बहुतेक जाहिराती फुकट घेणारे संकेतस्थळ उभे राहिले. अमेरिकी वृत्तपत्रांचे जाहिरातींचे उत्पन्न २००५ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२० मध्ये ते १० अब्जांच्याही खाली गेले होते.

याचा अर्थ वाचक पळाला असा नाही. अनेक दैनिकांना छापील खपाच्या कितीतरी पट वाचक ऑनलाइन मिळाले. मात्र त्यांच्या मागोमाग जाहिरातदार आला नाही. छापील पानावरची जागा मोजकी असल्यामुळे तिला भाव होता, तर ऑनलाइन पानांना अंतच नाही, त्यामुळे दर पडले. शिवाय कोण काय शोधतो आणि कशावर रेंगाळतो हे गूगल आणि फेसबुक यांना ठाऊक होते. वृत्तपत्राला आपल्या वाचकाचा फार तर पत्ता माहीत असे.

म्हणून वर्गणी आली, आणि तीही चाचपडत आली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९९६ मध्ये संकेतस्थळ सुरू केले, २००५ मध्ये आपल्या स्तंभलेखकांच्या लेखनासाठी पैसे आकारून पाहिले, २००७ मध्ये ती योजना गुंडाळली आणि २०११ मध्ये महिन्याला २० लेख मोफत, त्यापुढे वर्गणी, असा मार्ग धरला. ‘गार्डियन’ने दार उघडेच ठेवले आणि लेखाच्या शेवटी वाचकांकडे मदत मागितली. या दोघांची उदाहरणे प्रत्येक परिसंवादात ऐकवली जातात, पण ती जरा जपून घ्यावीत असे मला वाटते. जगभर वाचल्या जाणाऱ्या इंग्रजी दैनिकाला शंभरातला एखादा वाचक पैसे देणारा मिळाला तरी पुरतो. एका शहरापुरत्या दैनिकाला त्याच प्रमाणात नगरपालिकेच्या सभेला बसणारा एक बातमीदारही परवडत नाही.

प्रश्न : सकाळी संकेतस्थळावर वाचलेल्या बातमीचा मथळा संध्याकाळी वेगळाच दिसतो. छापील अंकात असे कधी होत नसे. ही लपवाछपवी नाही का?

उत्तर : कधी असते, बहुधा नसते. छापील पानावर दोन कॉलमांत मथळा बसवताना उपसंपादक अक्षरे मोजतो. (माझी कित्येक वर्षे रात्रपाळीत त्यातच गेली, त्यामुळे आजही लांब मथळा पाहिला की हात शिवशिवतात.) ‘अखेर पूल खुला’ एवढे तीन शब्द तिथे पुरतात, कारण शेजारी छायाचित्र असते आणि खाली उपमथळा असतो. मोबाइलवर मात्र मथळा एकटाच फिरतो. कोणता पूल, कुठला, कधीपासून, हे त्यातच सांगितले नाही तर बातमी शोधणाऱ्याला ती सापडतही नाही. काही कार्यालयांत एकाच बातमीला दोन मथळे देऊन ते वेगवेगळ्या वाचकांना दाखवतात आणि ज्याला अधिक प्रतिसाद मिळतो तो ठेवतात. हे मला फारसे रुचत नाही, पण याला फसवणूक म्हणता येणार नाही.

मजकुरातले तथ्य गुपचूप बदलणे ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी आवृत्ती सुटली की चूक कायमची छापली जाई आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची चौकट देण्यावाचून गत्यंतर नसे. आता मृतांचा आकडा दोन मिनिटांत पुसता येतो आणि आधीचा आकडा कोणी वाचला होता याचा मागमूस राहत नाही. कोणती चूक केव्हा सुधारली, हे बातमीखाली लिहिण्याची शिस्त अनेक चांगली वृत्तपत्रे पाळतात. जिथे ती टीप दिसत नाही, तिथे संपादकांना जाब विचारावा.

प्रश्न : मग छपाई एकदाची बंदच का करत नाहीत?

उत्तर : कारण अनेक संस्थांचे मोठे उत्पन्न अजूनही त्याच कागदातून येते आणि छपाई थांबली की ते त्याच दिवशी थांबते. लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने मार्च २०१६ मध्ये तो धोका पत्करला. माँट्रियलच्या ‘ला प्रेस’ने घाई केली नाही : २०१३ मध्ये टॅब्लेटसाठी मोफत आवृत्ती काढली, जाहिरातदार तिकडे रुळू दिले आणि २०१५ संपताना फक्त शनिवारचा अंक छापायचा ठेवला, तोही २०१७ अखेर थांबवला. व्हिएन्नाच्या ‘वीनर त्साइटुंग’ला मात्र असा अवधी मिळाला नाही. १७०३ साली सुरू झालेल्या या दैनिकात कंपन्यांनी आपल्या सूचना छापणे कायद्याने बंधनकारक होते आणि त्या शुल्कावर त्याचा बराचसा खर्च चाले. सरकारने ते बंधन काढून टाकले आणि जून २०२३ अखेर त्याचा रोजचा छापील अंक थांबला.