आधी माती ओळख, मग रंग

मातीनं पाण्यातला रंग काढायच्या तुझ्या प्रयोगाला मेथिलीन ब्लू या निळ्या रंगापासून सुरुवात केलीस ते बरं केलंस. तो धनभारित, आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीतली चिकणमाती ऋणभारित. चिमूटभर टाकली तरी निळं पाणी फिकं पडतं. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नकोस. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित, ते ही माती फारसे धरत नाही. त्यांच्यासाठी साताऱ्याकडचा जांभा कुटून, चाळून, जरा आम्लधर्मी पाण्यात बघ.

आणि कळकळीनं सांगतो, पाण्यातून माती वेगळी करायला गाळणकागद नको! तो स्वतःच निळा होतो नि श्रेय मातीला जातं. माझे दोन महिने त्यातच गेले. सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगानं फिरवून माती तळाला बसव नि वरच्या पाण्यात उरलेला निळा रंग ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोज. निळा झालेला गाळ मात्र ओढ्यात ओतू नकोस.