द्रावण आम्लधर्मी, उदासीन की आम्लारिधर्मी, हे नेमकं कशावरून ठरतं?

पाण्यात हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) जास्त आहेत की हायड्रॉक्साइड आयन, यावरून. हायड्रोजन आयन जास्त तर आम्लधर्मी, हायड्रॉक्साइड जास्त तर आम्लारिधर्मी, दोन्ही सारखे तर उदासीन.

शुद्ध पाण्याचेही काही रेणू सतत या दोन आयनांत विघटित होत असतात. २५ अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये दोन्ही आयन एका मोलच्या (रसायनशास्त्रात कण मोजायचं एकक) एक कोटीव्या भागाइतके असतात. एक कोटीत १ वर सात शून्यं, म्हणून पीएच (हायड्रोजन आयनांचं प्रमाण सांगणारा आकडा) ७. पीएच १ ने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, त्यामुळे ५ आणि ७ मधला फरक शंभरपट! ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली.

‘उदासीन म्हणजे ७’ हे मात्र पाठ करू नका. पाणी तापवलं की विघटन वाढतं. १०० अंशांजवळ शुद्ध पाण्याचा पीएच सुमारे ६.१ असतो आणि तरीही ते उदासीनच, कारण दोन्ही आयन समसमान.

विद्यार्थी खरे अडतात ते क्षारांपाशी, म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनणाऱ्या संयुगांपाशी. खाण्याच्या सोड्यात हायड्रॉक्साइड नाही, मग तो आम्लारिधर्मी कसा? त्यातला बायकार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतो. कल्हईवाले वापरतात तो नवसागर उलट वागतो: त्याचा अमोनियम आयन पाण्याला हायड्रोजन आयन देतो, द्रावण आम्लधर्मी होतं. मिठाचे आयन यातलं काहीच करत नाहीत, म्हणून मिठाचं पाणी उदासीन.

घरी बघायचं तर हळदीच्या डागावर साबण लावा. लाल झाला तर आम्लारी. लिंबू पिळलं की परत पिवळा.