‘मलाही मेळ्याला यायचंय’

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. दर उन्हाळ्यात एक दिवस आमच्या वस्तीतला मोठा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि तिथे मेळा भरतो. खेळ, वाजंत्री, खाण्याचे, हस्तकलेचे स्टॉल, सगळं असतं. गेल्या वर्षी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीचा हात गर्दीत सुटला. चार-पाच मिनिटांत ती सापडली, पण ती मिनिटं आठवली की अजून घसा कोरडा पडतो. यंदा सासरेही म्हणतात, ‘मलाही मेळ्याला यायचंय.’ ते ७६ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. यजमानांचं म्हणणं, दोघांनाही घरीच ठेव. मला ते पटत नाही आणि धीरही होत नाही.

उत्तर : दोघांनाही न्या. मी १६ वर्षं मेळ्यात हरवलेल्या मुलांच्या टेबलाशी बसले आहे, त्या अनुभवावर सांगते. ७६व्या वर्षी माणूस आपणहून माणसांत यायचं म्हणतोय, त्याला खिडकीपाशी बसवून जाऊ नका.

वेळ मात्र बदला. बहुतेक कुटुंबं जेवणं आटोपून भर दुपारी निघतात, म्हणजे ऊन आणि गर्दी दोन्ही एकदम गाठतात. तुम्ही मेळा उघडता उघडता पोहोचा. तेव्हा रस्ता मोकळा असतो, स्टॉलवाल्यांना बोलायला उसंत असते आणि मुलीला माणसांच्या गुडघ्यांपलीकडचंही काही दिसतं. दीड-दोन तास पुष्कळ झाले. सगळा मेळा बघून व्हायलाच हवा असं नाही.

पोहोचल्यावर आधी सासऱ्यांची जागा ठरवा. झाडाची किंवा भिंतीची सावली, वारा लागेल अशी, कर्ण्यांपासून लांब. घडीची खुर्ची घरून न्या. मेळ्यात बसायला जागा कमीच असते आणि पायऱ्या तापलेल्या असतात. ही खुर्ची म्हणजेच तुम्हा सगळ्यांचा तळ. फिरायचं आणि तिथेच परत यायचं. गर्दीत फोन लागेलच असं नाही, कारण एकाच वेळी हजारो फोन त्याच टॉवरवर असतात. म्हणून भेटायची जागा घरीच बोलून ठेवा.

वय वाढलं की तहान उशिरा लागते, त्यामुळे ‘बाबा, पाणी हवंय का?’ असं विचारलं तर ‘नको’ हेच उत्तर येईल. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेला सरळ हातात द्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर टाकतात, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी मात्र आपल्या मनाने चुकवू नका. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, घामेजलेलं गार अंग यातलं काही दिसलं तर त्यांना सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, घोटघोट पाणी पाजा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली तर अर्धा तासही थांबू नका. ते उष्माघाताचं लक्षण आहे, शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत अंग भिजवत राहा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नका.

आता मुलगी. आमच्या टेबलाशी धावत येणाऱ्या आया-बापांना मी पहिला प्रश्न कपड्यांचा विचारायची. एका वडिलांनी ‘निळा शर्ट’ सांगितलं, आम्ही सगळे निळा शर्ट शोधत राहिलो, आणि मुलगा हिरव्या शर्टात दहा पावलांवर बसला होता. घाबरलेल्या माणसाला रंग आठवत नाहीत. म्हणून घरातून निघताना दारातच तिचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, चपलांसकट. तुमचा फोन नंबर तिच्या दंडावर पेनाने लिहा, बाहीखाली. नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. तिला तुमचं पूर्ण नाव पाठ करून घ्या. ‘आईचं नाव काय?’ या प्रश्नाला आमच्याकडे बहुतेक मुलं ‘आई’ असंच सांगत.

आणि एकच गोष्ट चार दिवस खेळून शिकवा: हात सुटला की जिथे आहेस तिथेच उभी राहा आणि आईला मोठ्याने हाक मार. शोधायला निघालेलं मूल आणि शोधायला निघालेली आई, दोघंही चालत राहिली की एकमेकांना हुकतात. थांबलेलं मूल लवकर सापडतं. गेल्या वर्षी ती हरवली यात तुमचा निष्काळजीपणा नव्हता. मूल फुग्याकडे वळतं तेव्हा हात सुटायला एक क्षण पुरतो. मी फार सावध आया त्या टेबलाशी रडताना पाहिल्या आहेत.

चारी बाजूंनी अंगाला अंग लागू लागलं तर पुढचा स्टॉल सोडून द्या. मुलीला कडेवर घ्या, लोंढ्याच्या उलट न जाता तिरपं चालत कडेला या. छत्रीऐवजी टोपी न्या, छत्रीच्या काड्या नेमक्या दुसऱ्यांच्या मुलांच्या डोळ्यांशी येतात.

खाण्याचं थोडक्यात: समोर शिजतंय आणि वाफाळतंय ते खुशाल घ्या. कापून उघड्यावर ठेवलेलं नको. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर नाशवंत पदार्थ बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत.

वाजंत्रीजवळ मुलीला फार वेळ ठेवू नका. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटं ही मोठ्यांच्या कानांचीही मर्यादा आहे. सासऱ्यांना मात्र वाजंत्री आवडत असेल तर खुर्ची उचलून लांबून ऐकवा. त्यांना काय बघायचंय हे आदल्या दिवशी विचारलंत का? ते आधी विचारा आणि तिथेच पहिल्यांदा न्या.

प्रश्न : मेळ्यात कुत्र्याला नेलं तर चालेल का? घरी एकटा राहिला की तो रडतो.

उत्तर : दिवसा नको. डांबर हवेपेक्षा खूप जास्त तापतं आणि त्याच्या पायात चप्पल नसते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्यालाही होणार नाही. शिवाय गर्दीत तो पायांखाली येतो. रात्री मेळा आवरला, रस्ता निवला की त्याला तिथूनच फिरवून आणा. दिवसभरातले सगळे वास त्याला रस्त्यावर सापडतील. पट्टा आखूड धरा, खाली काड्या आणि हाडं पडलेली असतात.